एका डोळ्याची राखण

माझा डावा डोळा गेला, तेव्हा तो गेल्याचं मला कळलंसुद्धा नाही. दुखला नाही, लाल झाला नाही, काही नाही. एकदा वर्गात फळा पुसताना उजव्या डोळ्यात खडूची भुकटी गेली. तो डोळा पदराने दाबून मी पोरांकडे वळले, तर समोर पोरंच नाहीत. नुसता गोंगाट. मला वाटलं, सगळी मिळून चेष्टा करतायत, म्हणून मी जोरात ओरडलेसुद्धा. मग लक्षात आलं, पोरं जागच्या जागी आहेत, माझी डाव्या डोळ्याची नजरच जागेवर नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासून काचबिंदू सांगितला. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि तो कडेकडेने नजर खात जातो. गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्यातही त्याची सुरुवात होती, म्हणून त्यात सकाळ-संध्याकाळ औषधाचा थेंब टाकायचा, आणि तो जन्मभर. "उरलाय तो राखायचा," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमच्या यजमानांची मखमलाबादच्या बाजूला थोडी जमीन होती. तिच्यात ते गुलाब, शेवंती, झेंडू लावायचे आणि पहाटे टोपल्या भरून फुलबाजारात न्यायचे. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी नाही, तेव्हा इथेही ते 'हे'च राहतील. तर डॉक्टरीणबाईंचा 'राखायचा' हा शब्द यांनी शेतकऱ्याच्या कानाने ऐकला. पाखरांपासून पीक राखतात तशी माझ्या डोळ्याची राखण त्या दिवसापासून यांनी अंगावर घेतली.

थेंब माझा मलाही टाकता आला असता, पण बाटली जवळ आली की माझी पापणी गच्च मिटायची आणि औषध गालावरून गळ्यात. दोन-चार वेळा असं झाल्यावर यांनी बाटली काढून घेतली. "उगं नासाडी करू नको. वर बघ." मी ओट्यावर बसून छताकडे बघायची. डाव्या हाताच्या बोटाने हे खालची पापणी ओढायचे, उजव्या हाताने थेंब टाकायचे. मग डोळा मिटून नाकाच्या कडेला बोट दाबून थोडा वेळ बसायचं असतं. तेवढ्या वेळात हे मला बाजारच्या बातम्या सांगायचे. आज झेंडूला कोणी विचारत नव्हतं, लग्नाची तिथी आली तसा गुलाब चढला, अमक्याची फुलं गाडीतच कोमेजली. मला फुलबाजारातलं कळायचं ते सगळं असं डोळे मिटून.

काही वर्षं बरी गेली. मग नव्वदच्या दशकाच्या मध्याला उजव्या डोळ्यावर धुरकट यायला लागलं. मुलांच्या वह्या तपासताना ओळी एकमेकींत मिसळायच्या. यांच्या टोपलीतली शेवंती मला पिवळट दिसायची. मी म्हणायची, "पांढरी लावायची सोडून पिवळी का लावली?" हे म्हणायचे, "पांढरीच हाय." मी म्हणायची, "मला दिसतंय ना." यावरून आमची चांगली जुंपायची. शेवटी यांनी मला दवाखान्यात नेऊन बसवलं.

मोतीबिंदू होता. मोतीबिंदूला माणसं फारशी घाबरत नाहीत, आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा काढून झाला होता. पण त्यांच्या एका डोळ्याला काही झालंच तर दुसरा होता. माझं तसं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. ऑपरेशन केलं नाही तर दिसणं कमी होत जाणार, आणि केल्यावर काही बिघडलं तर पूर्ण काळोख. "तुमचं तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "करू. पुढची काळजी मी घेतो." एवढंच. मला त्या क्षणी यांचा राग आला होता, डोळा माझा आणि हे 'करू' म्हणतात. पण मला एकटीला ते कधी म्हणता आलं नसतं.

तेव्हा ऑपरेशन टाके घालूनच व्हायचं. आत नवी लेन्स बसवली आणि पट्टी बांधून मला घरी पाठवलं. पट्टी निघाली तेव्हा समोर एक बरीचशी धूसर भिंत दिसली, आणि माझा जीव भांड्यात पडला. दिसतंय! टाके सुकतील तसं आणखी साफ दिसेल, असं सांगितलं. आणि मग सांगितले ते नियम. खाली वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. चुलीच्या धुरात, फोडणीच्या ठसक्यात जायचं नाही. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. बाहेर काळा गॉगल. आणि डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

मी फार वाईट पेशंट होते. जन्मभर चाळीस पोरांना 'गप्प बसा' म्हणणारी बाई, तिला कोणी 'गप्प बस' म्हटलं की कसं व्हायचं? खाली पडलेला चमचासुद्धा उचलायची चोरी. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला उंबऱ्याच्या आत येऊ देईनात. "पोरी, तिथंच बस. हितं मिरची हाय." हे शेतातून आले की आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मग बाटली घ्यायचे. मी तरी विचारायचीच, "हात धुतले का?" हे ओले हात माझ्यासमोर धरायचे. "वास घेऊन बघ, मास्तरीणबाई." फुलांच्या टोपल्या ओसरीवर यायच्या बंद झाल्या. पराग उडतो म्हणून यांनी त्या शेजारच्यांच्या पडवीत ठेवल्या.

पाहुणे यायचे आणि उपाय सांगून जायचे. नांदगावची नणंद तर मधाची बाटलीच घेऊन आली. "काजळासारखं बोटानं लाव वहिनी, गार वाटतं." दुसरी कोणी गुलाबपाणी म्हणाली, तिसरी एरंडेल. हे दारातच बसलेले असायचे. सगळ्यांचं हसून ऐकायचे आणि पाहुणे गेल्यावर मध चपातीबरोबर खाऊन टाकायचे.

सासूबाईंनी ऑपरेशनच्या आधीच सत्यनारायण बोलला होता. डोळा वाचला तर पूजा घालीन. डोळा वाचला होता, तेव्हा त्यांना दम निघेना. टाके अजून ताजे होते, मी म्हटलं थोडं थांबू, पण देवाचं उधार ठेवायचं नाही असं त्यांचं म्हणणं. हे डॉक्टरीणबाईंना विचारून आले. बसायला हरकत नाही, धूर नको, वाकणं नको, असं त्यांनी सांगितलं. यांनी मग सगळा बंदोबस्त केला. गुरुजींना आधीच सांगून ठेवलं, "ही वाकणार नाय. नमस्कार बसल्या बसल्याच." धूप लावायचा नाही. उदबत्ती खिडकीत. माझ्यासाठी पाटाऐवजी उंच चौरंग. सासूबाई म्हणाल्या, "देवापेक्षा सून उंच बसली." पण त्याही हसत होत्या.

आम्ही दोघं पूजेला बसलो. यांच्या उपरण्याची माझ्या पदराशी गाठ मारली. कथा झाली, आरती झाली. आरतीच्या वेळी देवाचं दर्शन नीट व्हावं म्हणून मी काळा गॉगल काढून मांडीवर ठेवला. केळीचे खांब हिरवेगार दिसत होते. किती दिवसांनी हिरवं हिरवं दिसत होतं. मला अगदी भरून आलं होतं. मग गुरुजींनी तळहातावर तीर्थ दिलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं असलेलं पंचामृत. ते मी प्यायले, आणि तीर्थ प्यायल्यावर माणूस जे करतं ते केलं. ओला हात आधी डोळ्यांवरून फिरवला, मग डोक्यावरून.

हे कोणी शिकवलेलं नसतं. पाळण्यातून उतरल्यापासून प्रत्येक देवळात आपण तेच करत आलेलो असतो. तीर्थ घेतलं की हात आपोआप डोळ्यांना जातो. धूर टाळला होता, वाकणं टाळलं होतं, नणंदेचा मध टाळला होता. तीर्थ कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

डोळ्यात गार आणि चिकट काहीतरी गेलं आणि पाठोपाठ आग झाली. मी "अगं आई" म्हणेपर्यंत यांनी माझे दोन्ही हात धरले होते. "चोळू नको." आणि मला धरून उभं केलं. सासूबाई ओरडल्या, "आरं, उत्तरपूजा नाय झाली! गाठ नाय सुटली!" पूजेतून असं उठायचं नसतं. यांच्यासारख्या माणसाने तर नाहीच, जो एकादशीला पाणीसुद्धा विचारून पितो. पण हे म्हणाले, "देव कुठं पळून चालला नाय, आई. डोळा चाललाय." आणि आम्ही तसेच बाहेर पडलो.

गाठ सोडायचं कोणाला सुचलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. हे सोवळ्यात, उघडे, कपाळाला गंध. मी नऊवारीत. दोघं एकमेकांना बांधलेले. पुलावर गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "काका, पळून जाऊन लग्न केलं का?" यांनी माझे दोन्ही हात आपल्या एका हातात घट्ट धरून ठेवले होते आणि दुसऱ्या हाताने रिक्षाचा दांडा. मी यांना म्हटलं, "जाणार का हो माझा डोळा?" हे म्हणाले, "वर बघ. खाली नको बघू." तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता, पण मी वर बघत राहिले.

डॉक्टरीणबाई जेवायला बसणार होत्या, तशाच उठून आल्या. पंचामृत म्हटल्यावर त्यांनी फक्त एक दीर्घ श्वास घेतला. रागावल्या नाहीत. डोळा स्वच्छ धुतला, मशीनमधून बराच वेळ पाहिला. टाके जागेवर होते. पण आत जंतू गेलेत की नाही हे त्या दिवशी कळणार नव्हतं. दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, दर तासाला औषध, आणि वाट बघायची. मग त्यांची नजर आमच्या गाठीकडे गेली. "ही सोडा आता," त्या म्हणाल्या. यांनी ओढून पाहिलं, ती गाठ सुटेना. शेवटी ती नर्सने सोडली.

पुढचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. डोळा लालभडक झाला, ठणकायला लागला. पट्टी पुन्हा आली. औषधापुरती ती उघडायची आणि तेवढ्यात मला लाल-काळं काहीतरी दिसायचं, बाकी काही नाही. अंधारात पडून मी मनात घरभर हिंडायची. इथे कपाट, इथे मोरी, इथे दार. आंधळी होऊन जगायचा सराव करत होते. मी फार घाबरले होते आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. सासूबाई उशाशी बसून असायच्या. एकदा माझ्या पायांवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्यापायी झालं, पोरी." मी म्हटलं, "आई, हात माझा होता." त्या रडल्या. मीही रडले असते, पण पट्टीच्या आत रडायचीही भीती वाटली.

आणि दर तासाला हे. शेतावर गडी होता, त्याच्यावर सगळं सोडून हे घरी बसले. शेवंतीचे दिवस होते, तरी बाजारात गेले नाहीत, त्यामुळे सांगायला बातम्या नव्हत्या. मग थेंब टाकल्यावर नाकाच्या कडेला बोट दाबून मी बसले की हे जुन्याच बातम्या पुन्हा सांगायचे. मी ओळखायची, पण काही म्हणायची नाही.

लाली हळूहळू उतरली. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, दिव्याने पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचलात बाई." मी डोळा उघडला तर समोर त्यांचा पांढरा कोट. पांढरा म्हणजे काय पांढरा! घरी आल्यावर मी पहिल्यांदा शेजारच्या पडवीत गेले. टोपलीत शेवंती होती. पांढरीशुभ्र. मी यांना म्हटलं, "पांढरीच आहे हो." आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी हरल्याचं कबूल केलं ते तेवढं एकदाच.

उत्तरपूजा गुरुजींनी मागाहून करून घेतली. त्यानंतर आमच्या घरी पूजा असली की तीर्थाच्या पळीशेजारी एक धुतलेला रुमाल ठेवलेला असतो. सासूबाईंनीच ती रीत पाडली. कोणीही तीर्थ घेतलं की त्या हात पुढे करून म्हणायच्या, "पूस आधी." पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. आमच्या सुनेला तर वाटतं की हा आमच्या घराण्याचा कुळाचारच आहे, आणि मी तिला तसं वाटू देते.

त्या डोळ्याने मी पुढे कितीतरी वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, नातवंडं पाहिली. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा शेवटपर्यंत नीट पाहिला. यातलं काहीही माझ्या हक्काचं नव्हतं, हे मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना मी दर दिवाळीला फराळ घेऊन भेटायची. यांना मात्र कधी काही म्हटलं नाही. नवऱ्याला आभार म्हणायची आमच्यात पद्धत नाही. म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला ताप आलाय.

थेंब चालूच होते, काचबिंदूचे, जन्मभराचे. दोन हजार साल उलटून गेलं तरी सकाळ-संध्याकाळ मी ओट्यावर, छताकडे नजर, आणि हे समोर उभे. त्यात कधी खंड पडला नाही.

एका सकाळी यांच्या डाव्या हाताच्या बोटाला मोठी चिंधी बांधलेली होती. गुलाबाचा काटा खोल गेला होता. मी म्हटलं, "राहू द्या, पापणी मी धरते, तुम्ही नुसता थेंब टाका." मी पापणी ओढून वर बघत बसले. थेंब कपाळावर पडला. मी हसले. दुसरा गालावर. तिसरा कानाजवळ. "अहो, काय रंगपंचमी खेळताय का?" मी म्हटलं आणि छतावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

बाटली धरलेला हात माझ्या डोक्याच्या बाजूला होता आणि हे त्या हाताकडेच डोळे बारीक करून बघत होते. मी उठून त्यांना दारातल्या उजेडात नेलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधाळ पडदा. एक-दोन महिन्यांतला नव्हता तो. इतकी वर्षं मी छताकडे बघत आले, त्यांच्या डोळ्यांकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली असतील दोनेक वर्षं."

"मग माझ्या डोळ्यात थेंब कसा टाकत होता?"

"बोटानं," हे म्हणाले. "डावं बोट पापणीवर ठेवायचं, बाटली त्या बोटाला टेकवायची. बरोबर पडतो. दिसायला कशाला पायजे?"

मी फार रागावले. आयुष्यात कधी रागावले नसेन इतकी. सांगायचं नाही? दवाखान्यात यायचं नाही? रस्ता ओलांडता, बाजारात जाता, कुठे धडकला असता म्हणजे? हे ऐकून घेत होते. माझा आवाज बसल्यावर म्हणाले, "माझं ऑपरेशन केलं म्हणजे महिनाभर मी पडून. वाकायचं नाय, कशाला हात लावायचा नाय. तुझा थेंब कोण टाकणार? आन् माझं काही बिघडलं तर? घरात कोणाला तरी दिसायला पायजे का नको?"

"मला दिसतंय की!"

"ते राहावं म्हणूनच ना," हे म्हणाले.

आत जाऊन मी उगाचच भांडी हलवत उभी राहिले. मग साडी बदलून बाहेर आले आणि म्हटलं, "चला." हे चपला शोधत होते. त्या समोरच होत्या, मी त्यांच्या पायाशी सरकवल्या.

तोपर्यंत ऑपरेशनही बदललं होतं. टाके नाहीत, मुक्काम नाही. आधी एका डोळ्याचं करायचं ठरलं. सकाळी गेलो, दुपारी घरी. डॉक्टरीणबाई आता पिकल्या होत्या. त्यांनी यांची खूप खरडपट्टी काढली आणि मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि औषधाची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. पहिला थेंब त्यांच्यासमोरच टाकून दाखवायचा होता.

मी हे काम कधी केलं नव्हतं. हे खुर्चीत बसले, मी समोर उभी राहिले, डाव्या बोटाने पापणी ओढली. हे वर बघेनात. सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, अगदी बारकाईने.

"अहो, वर बघा," मी म्हटलं.

"थांब जरा," हे म्हणाले. "दोन वर्षं झाली, तुझा डोळा बघितला नाय."